फाटलं तर शिवू: लहानग्यांना पुस्तकाची गोडी लावताना

वडोदऱ्याच्या रावपुऱ्यात माझं बाइंडिंगचं दुकान 41 वर्षं चाललं. वकिलांचे रिपोर्ट, युनिव्हर्सिटीच्या पोरांचे सोनेरी अक्षरांचे थिसिस आणि दिवाळीच्या आधी दीड महिना नुसते लाल कापडाचे हिशेबाचे चोपडे. एवढी वर्षं पुस्तकं हाताखालून गेली की पाठीवर नुसता हात फिरवून कळतं, हे घरात कसं राहिलंय ते. एक जात वाचून वाचून खिळखिळी झालेली. जुजं (घडी घालून एकत्र शिवलेले पानांचे गठ्ठे) सुटलेली, कोपरे झिजून गोल, मधेच हळदीचं बोट. ती शिवायला वेळ लागतो, पण शिवता येते. दुसरी जात कपाटात जपलेली. वरून कोरी करकरीत, उघडली की आत वाळवीने केलेली नक्षी. तिच्यावर माझ्याकडे कधीच औषध नव्हतं.

हे आठवायचं कारण माझी नात. अडीच वर्षांची आहे. मुलगा मकरपुऱ्याला कारखान्यात, सून बँकेत, त्यामुळे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बाईसाहेब आम्हा दोघांच्या ताब्यात, म्हणजे आम्ही त्यांच्या. दुपारी ती आपली पेटी उपसते, मांडी घालून बसते आणि पानं उलटत स्वतःशी बडबडत राहते. शेजारचे विचारतात, "तुमची कशी हो पुस्तक घेऊन बसते? आमचा तर हातात दिलं की फाडतो." आमचीही फाडते. आत्तापर्यंत अकरा फाडली, मी मोजली आहेत. म्हणूनच बसते.

आधी कुलूप काढा

माझी चूक आधी सांगून टाकतो. मुलगा लहान होता तेव्हा त्याच्यासाठी मी मुंबईहून सुंदर चित्रांची पुस्तकं आणली. प्रत्येकाला ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं (वरचं चित्रच झाकून टाकलं, हे आज लक्षात येतं), पाठीला कापडी पट्टी लावली आणि काचेच्या कपाटात रांगेने उभी केली. किल्ली माझ्या खिशात. रविवारी हात धुऊन, पुसून, पाटावर बसल्यावर एक पुस्तक मिळायचं. त्याने पान जरा ओढलं की मी "हळू!" म्हणून ओरडायचो. बाइंडरचं घर ना! ती पुस्तकं आजही नव्यासारखी आहेत. मुलगा गुणाचा आहे, पण मशीनच्या मॅन्युअलपलीकडे त्याने काही वाचल्याचं मला आठवत नाही.

नात झाल्यावर सगळ्यात आधी ते कपाट भंगारवाल्याला दिलं.

पोर पुस्तक फाडतं त्यात खोडसाळपणा नसतो. सहा-सात महिन्यांच्या बाळाला कुठलीही वस्तू तोंडात घालूनच कळते. नऊ-दहा महिन्यांच्या सुमाराला अंगठा आणि तर्जनीची चिमटी जमायला लागते, पण पातळ कागदाचं एकच पान सुटं करून उलटणं हे दोन वर्षांच्या आसपास कुठे येतं. तोवर मुठीत चार पानं येतात, आणि मूठ ओढली की काय होणार? मी स्वतः उमेदवारीच्या पहिल्या महिन्यात एका वकीलसाहेबांच्या रिपोर्टाची जुजं उलटी शिवली होती. उस्तादाने उसवायला लावली, पण दाभण हातातून काढून घेतला नाही.

तेव्हा वर्षापर्यंत जाड पुठ्ठ्याची किंवा कापडाची पुस्तकं, ती खुशाल चावू द्या. पुढे पातळ कागदाची हळूहळू आणा, सुरुवातीला फक्त मांडीवर बसलेली असताना. फाटलं तर ओरडू नका, आणि हसूही नका. हसलात की तो खेळ होतो आणि दुसरं पानही जातं. आमच्याकडे एकच वाक्य ठरलेलं आहे: "अरे अरे, पुस्तकाला लागलं. चल, बरं करू." आणि फाडण्याचीच हौस असेल, तसा एक काळ असतोच, तर त्यासाठी कोरे कागद वेगळे द्या. वर्तमानपत्र नको, शाई बोटाला लागते आणि बोट तोंडात जातं.

पहिलं पुस्तक लग्नपत्रिकांचं

नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचं बरं दिसतं. मांडीवर घेतलेल्या बाळापासून आपला चेहरा तेवढाच लांब असतो. म्हणजे पहिले काही आठवडे तुमचं तोंड हेच पुस्तक. त्या दिवसांत मी तिला काहीही वाचून दाखवायचो. सोन्याचा भाव, लाइट बिलाच्या मागचे नियम, पंचांग. ही म्हणायची, "बाळाला राहुकाळ कशाला सांगताय?" पण बाळ माझ्या ओठांकडे टक लावून बघायचं. तिला राहुकाळाशी देणंघेणं नव्हतं, आवाजाच्या चढउताराशी होतं. जोडीला पांढऱ्या कार्डावर काळ्या मार्करने काढलेला मोठा गोल, पट्टे, दोन डोळे. तान्ह्या नजरेला फिके रंग कळत नाहीत, काळं-पांढरं पटकन पकडता येतं.

खरं पुस्तक मी केलं ती सहा महिन्यांची झाल्यावर, लग्नपत्रिकांचं. आपल्या घरी पत्रिकांचा ढीग असतोच, आणि आमच्यासारखे व्याही गुजराती असतील तर विचारू नका, एकेक पत्रिका मिठाईच्या खोक्याएवढी. त्यातला जाड, साधा पुठ्ठा निवडायचा. भुरभुरणारी चमक, खडे, झालर असलेलं सगळं बाजूला. 12 सेंटिमीटरचे चौकोन कापायचे, सहा पुरेत. चारी कोपऱ्यांवर आमटीची छोटी वाटी उपडी ठेवून पेन्सिल फिरवायची आणि त्या रेषेवर कापायचं, म्हणजे कोपरा डोळ्यात जाणार नाही.

एका पानावर एकच गोष्ट. आम्ही फोटो लावले: आजी, आबा (म्हणजे मी), तिची चांदीची वाटी, छतावरचा पंखा (तेव्हा तिचं सगळ्यात लाडकं माणूस तेच होतं), खालच्या जिन्यात झोपणारी मांजर आणि बाबाची स्कूटर. विकतच्या पुस्तकात सफरचंद आणि जिराफ असतात. सहा महिन्यांच्या वडोदऱ्याच्या बाळाने जिराफ कुठे बघितलेला असतो?

पानं जोडताना दोन पुठ्ठे शेजारी ठेवा आणि मधे दोन मिलिमीटरची फट सोडा. वरून तीन सेंटिमीटर रुंदीची जुन्या सुती साडीची पट्टी चिकटवा, वाळली की उलटवून मागूनही. नवशिका ही फट हमखास विसरतो, आणि मग पुस्तक मिटतच नाही, आ वासून राहतं. सगळे जोडले की लांबलचक घडीचं पुस्तक होतं. बाळ पालथं पडायला लागलं की तेच जमिनीवर नागमोडी उभं करायचं, मान वर करून बघत बसतं.

पट्टीसाठी कापड निवडताना एक सांभाळा. माझ्याकडे चोपड्यांचं लाल कापड गठ्ठ्याने उरलेलं, मोह झाला. ओल्या पांढऱ्या रुमालात अर्धा तास दाबून ठेवलं तर रुमाल गुलाबी! ते सगळं बाद केलं. तुम्हीही तशी परीक्षा घेतल्याशिवाय रंगीत कापड लावू नका.

आणि चिकटवायची खळ. हे जरा नीट वाचा, कारण हे तुम्हाला बाइंडरशिवाय कोणी सांगणार नाही. दुकानातल्या खळीत आम्ही मोरचूद (कॉपर सल्फेट) घालत असू. वाळवी-झुरळं लागत नाहीत, खळ टिकते. पण मोरचूद विष आहे. घरातली जुनी, बाइंडिंग केलेली पुस्तकं आजोबांची आठवण म्हणून चावणाऱ्या बाळाच्या हातात देऊ नका, पाठीत काय आहे ते सांगता येत नाही. बाळासाठी खळ घरचीच: दोन चमचे मैदा, अर्धी वाटी गार पाणी, आधी गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर सतत ढवळायचं. पांढरा रंग जाऊन किंचित काचेसारखी दिसायला लागली आणि चमच्याला धरली की उतरवा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते, आंबूस वास आला की फेकून ताजी करा. सेलोटेप शक्यतो नको. आज चकाचक दिसते, वर्षभरात पिवळी पडून कडा उचलतात आणि त्या कडेखाली मुलाची नखं बरोबर पोचतात.

पेटी जमिनीवर

पुस्तकं जिथे हात पोचतो तिथेच हवीत, आणि दोन वर्षांच्या मुलाचा हात फार वर पोचत नाही. शेल्फ विकत घ्यायची गरज नाही. खंडेराव मार्केटमधून मी फळांची एक लाकडी पेटी आणली, खिळे काढले, पॉलिश पेपरने घासली. त्यात पुस्तकं कण्याने उभी न लावता तोंड समोर करून ठेवायची. ज्याला वाचता येत नाही तो कणा बघून पुस्तक कसं निवडणार? एका वेळी पाच-सहाच. बाकीची माळ्यावर, सोमवारी बदली. पंधरा दिवसांनी खाली आलेलं पुस्तक नव्यासारखं वाटतं, पैसाही लागत नाही.

पेटीची ही युक्ती वडोदऱ्याला नवी नाही. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणलं, मांडवीची सेंट्रल लायब्ररी त्याच काळात उभी राहिली. पण गावोगावच्या माणसाने मांडवीपर्यंत यायचं कसं? म्हणून लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती खेड्यांत पाठवायचे, वाचून झाली की पेटी परत, दुसरी रवाना. आमची पेटीही फिरती आहे. सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, दुपारी माझ्या खाटेजवळ, संध्याकाळी गॅलरीत. दोन पुस्तकं कायम पिशवीत, दवाखान्याच्या बाकड्यावर आणि रिक्षात लागतात.

वाचायचं म्हणजे काय करायचं

बहुतेक आईबाप इथे चुकतात, आणि चांगल्या हेतूने चुकतात. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, छापलेला प्रत्येक शब्द, सरळ ओळीने वाचायला बघतात. पोर तिसऱ्या पानावर उठून जातं आणि मग "हिला आवडच नाही" असा निकाल लागतो. दीड वर्षाच्या मुलाने दोन-तीन मिनिटं एका पुस्तकावर काढली तरी पुष्कळ झालं. शेवटच्या पानावरून सुरुवात केली तरी चालतं. एकाच पानावर अडलं तर तिथेच अडा. आमची नात एका पुस्तकात पान सातवरच्या बादलीवर महिनाभर अडली होती. गोष्ट राजाची होती. राजा गेला कुठल्या कुठे, आम्ही रोज बादली वाचायचो. बादलीत पाणी आहे का, किती आहे, सांडलं तर कोण पुसणार.

मांडीवर पाठ टेकवून बसवा, म्हणजे दोघांची नजर एकाच पानावर पडते. तिचं बोट जिथे जाईल तिथलं नाव घ्या, तिने "बाबू" म्हटलं तर तुम्ही "हो, बाबू झोपलाय" एवढी भर घाला. आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं मला सगळ्यात अवघड गेलं. काही विचारल्यावर मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायचं. लहान मुलाला शब्द शोधून तोंडात आणायला वेळ लागतो, आपण तेवढ्यात उत्तर देऊन मोकळे होतो. "हे काय? आणि हे काय? याचा रंग कोणता?" असा भडिमार मात्र करू नका. पाहुणे आले की मुलाला प्रश्न विचारून दाखवण्याची जी आपल्याकडे खोड आहे, तिने पुस्तकाचं पोलीस ठाणं होतं. "मांजर कुठे चाललंय बरं?" हा प्रश्न वेगळा, त्याचं चुकीचं उत्तरच नसतं.

तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागणार. कंटाळा तुम्हाला येतो, तिला येत नाही, कारण प्रत्येक फेरीत तिच्या हाती काहीतरी नवीन लागत असतं. विसाव्या वेळेला मी मुद्दाम चुकतो. "आणि हत्ती झाडावर चढला." ती माझ्या तोंडावर हात ठेवते, "नाय! माकल!" त्या एका "नाय"मध्ये मला कळतं की सगळं पुस्तक तिच्या डोक्यात बसलंय.

झोपायच्या आधीची वेळ चांगली, पण तेवढीच धरून बसू नका. आमचं बेस्ट वाचन होतं ते दुपारी, ही कुकर लावते तेव्हा. तीन शिट्ट्या म्हणजे एक पुस्तक.

चिमणी की चकली

घरात दोन भाषा आहेत म्हणून घाबरणारे खूप भेटतात. सून गुजराती, तिची आई, म्हणजे नातीची नानी, आठवड्यातून दोनदा येते. ठरवलं ते असं, ज्याने त्याने आपल्या भाषेत वाचायचं. मी आणि आजी मराठीत, नानी आणि आई गुजरातीत. पुस्तक तेच. छापील मजकूर कुठल्या लिपीतला आहे याने या वयात फरक पडत नाही, चित्र बघून आपापल्या भाषेत सांगायचं.

गंमत होते, होऊ द्यावी. पोपट दोन्हीकडे पोपट, मगर दोन्हीकडे मगर, तिथे तिला फार बरं वाटतं. पण चिमणीचं चित्र आलं की नानी म्हणते "चकली". गुजरातीत चिमणीला चकलीच म्हणतात. गेल्या दिवाळीत आजीने चकल्यांचा डबा उघडला, नात डब्यात वाकून बघत राहिली आणि मग विचारलं, "उलत नाय?" उडत नाही का. दोन दिवस हसलो. त्यानंतर तिने स्वतःच निकाल लावला: झाडावरची नानीची चकली, डब्यातली आजीची चकली. दोन भाषांनी तिच्या डोक्यात गोंधळ झाला नाही, उलट एका शब्दाच्या दोन वस्तू असतात हे तिला अडीचाव्या वर्षी कळलं.

चित्रातली वस्तू खरी दाखवता आली तर नक्की दाखवा. पुस्तक पिशवीत घालून कमाटीबागेत जायचं, प्राण्यांच्या पिंजऱ्यापाशी ते पान उघडायचं. मगरीसाठी आम्हाला तेवढंही लांब जावं लागत नाही, विश्वामित्री नदीच्या पुलावरून थंडीच्या दिवसांत काठावर ऊन खात पडलेली दिसते. जगात किती पोरांना 'म मगरीचा' शहराच्या मधोमध बघायला मिळतो?

अक्षरांची घाई

मोबाइलबद्दल फार लिहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच आणि पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. एवढं पाळता आलं तर पाळा. आमच्याकडे जेवताना कधीकधी मोडतं.

अक्षरांचं मात्र सांगायला हवं. आमच्या भागातल्या एका प्लेग्रुपमध्ये चौकशीला गेलो तर बाई म्हणाल्या, "अजून एबीसीडी गिरवत नाही? मागे पडेल." पोर तेव्हा दोन वर्षांची. त्या बोटांना खडू धड धरता येत नाही. आम्ही नमस्कार करून घरी आलो. ज्या शहराचं नाव सयाजीरावांशी जोडलेलं आहे, त्या शहरात हे ऐकावं लागावं याची गंमत वाटली. महाराज नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. 1875 मध्ये बाराव्या वर्षी दत्तक येईपर्यंत त्यांना अक्षरओळखही नव्हती. पुढे त्यांनीच 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आणि भावनगरला 1920 मध्ये बालमंदिर काढणारे गिजुभाई बधेका, ज्यांना गुजरात 'मूछाळी मा', मिशीवाली आई, म्हणतो, त्यांच्याकडे अक्षरांच्या आधी गोष्टी असायच्या. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याच सोबत काम करून मग कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत पोचल्या. तेव्हा अडीच वर्षांच्या पोरीला 'ए' येत नाही म्हणून मी झोप घालवणार नाही. वाचताना कधीतरी ओळीखालून बोट फिरवतो, तेवढंच. या काळ्या खुणांतून आवाज निघतो, हे तिला आपोआप कळायला लागलं आहे.

पुस्तकं आणायची कुठून

नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं मराठीत आणि गुजरातीतही मिळतात, आणि स्वस्त असतात. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रं मला आवडतात. पस्तीवाल्याला, म्हणजे रद्दीवाल्याला, सांगून ठेवलंय, लहान मुलांचं काही आलं की बाजूला ठेव. तशी आलेली पुस्तकं पुसून, दोन दिवस हवेशीर ठेवून, पिना काढून मगच पेटीत.

सगळ्यात उपयोगी सांगायचं तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट. तिथल्या गोष्टी मराठीत, गुजरातीत फुकट वाचता येतात आणि उतरवून छापताही येतात. झेरॉक्सवाल्याला 'बुकलेट' पद्धतीने काढ म्हणावं, म्हणजे पानं घडीच्या क्रमाने येतात. मग तो स्टेपलर उचलतो, तेव्हा त्याचा हात धरायचा. पिन गंजते, सैल होते आणि एक दिवस मुलाच्या तोंडात सापडते. शिवायचं.

तीन भोकांची शिवण कोणालाही जमते. कागद एकत्र घडी घाला आणि घडीवरून चमच्याची पाठ दाबून फिरवा. पुस्तक मधोमध उघडून घडीच्या रेषेवर दाभणाने तीन भोकं पाडा: एक बरोबर मध्यावर, दोन वर-खाली, कडेपासून दोन बोटं सोडून. सुईत जाड सुती दोरा, दुपदरी. आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, चार बोटं शेपूट आत राहू द्या. बाहेरून वरच्या भोकातून आत या. आतल्या आत मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर जा. मग बाहेरून पुन्हा मधल्या भोकातून आत. आता दोन्ही टोकं मधल्या भोकाशी आली, आणि एक लांब टाका त्यांच्या मधून गेलाय. एक टोक त्याच्या डावीकडे, एक उजवीकडे, असं घेऊन घट्ट गाठ मारा, म्हणजे टाका त्या गाठीत बांधला जातो. टोकं सेंटिमीटरभर ठेवून कापा. ही शिवण पोराने कितीही ओढली तरी सुटत नाही. कागद फाटेल, शिवण राहील.

बरं करताना तिला जवळ बसवा

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी आलं तेव्हा मुलाचा फ्लॅट तळमजल्यावर होता आणि पेटी त्या वेळी तिथेच, माझ्याच हट्टाने, जमिनीवर. सून एका शब्दाने बोलली नाही, पण तिची नजर मला कळली. पुराचं पाणी गटाराचं असतं, त्यामुळे पुठ्ठ्याची, चावायची सगळी पुस्तकं टाकून दिली. त्यात लग्नपत्रिकांचंही गेलं. कागदाची चार वाचवली. गुळगुळीत आर्ट पेपर असेल तर पानं ओली असतानाच एकेक सुटी करावी लागतात, वाळली की विटेसारखी चिकटतात. मधे मधे कोरे कागद घालून, पुस्तक उभं, जपानी पंख्यासारखं उघडून फॅनखाली ठेवायचं. उन्हात नाही, पानं वाकडी होतात. आणि लगेच, कारण पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी येते. ती चार पुस्तकं फुगलेली, डागाळलेली आहेत, त्यांना मी फक्त आजी वाचेल तेव्हाच देतो.

त्यानंतर पेटीला चार विटांचे पाय आले. तेवढा बदल केला.

फाटलेलं दुरुस्त करणं मी कधीच तिच्या पाठीमागे करत नाही. पान फाटलं की आधी दोन्ही तुकडे जुळवून बघायचे. फाटीच्या एका कडेला कागदाचे पांढरे तंतू दिसतात, त्या कडेवर ब्रशने खळीचा पातळ हात, दुसरी कड वर बसवायची, वरून पातळ पतंगी कागदाची अरुंद पट्टी. वरखाली प्लॅस्टिकचा कागद, म्हणजे पानं एकमेकांना चिकटत नाहीत. मग वजन. ब्रश तिच्या हातात असतो, खळ अर्धी पानावर, अर्धी फ्रॉकवर. वजनाला आमच्याकडे वरवंटा. रात्रभर पुस्तक त्याखाली झोपतं, तीही झोपते. सकाळी उठल्या उठल्या, दात घासायच्या आधी, ओट्याशी उभी राहून विचारते, "आबा, बलं झालं?" मी वरवंटा उचलतो, पान उघडतो, ती फाटीवरून बोट फिरवते आणि फुंकर घालते.

काल बारावं फाटलं. खळ करून ठेवली आहे, पण सकाळपासून वरवंटा सापडत नाहीये. ही म्हणते पेटीत बघा.